छताला टांगलेले फुगे

मागच्या वेळी आपण ‘इतिहासात कारण कशाला म्हणायचं’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं, की सर, उदाहरणं नेहमी लढायांचीच का देता? प्रश्न रास्त होता. म्हणून आज आपण एका खेळाकडे जाऊ. खेळात एक सोय असते. तिथे नियम लिहिलेले असतात, वेळ मोजलेली असते आणि निकालाबद्दल वाद नसतो. म्हणूनच निकालाचा अर्थ काय, हा प्रश्न तिथे जास्त स्वच्छपणे विचारता येतो.

आपलं उदाहरण आहे १९६९ सालचं. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका, बोस्टन सेल्टिक्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि या मालिकेचं नावही आमच्या कानावर आलं नव्हतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली, त्यामुळे बघायचा प्रश्नच नव्हता. या गोष्टीशी आमची गाठ पडली ती खूप नंतर, तर्कशास्त्र शिकवताना उदाहरण शोधता शोधता.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘लेकर्स’ म्हणजे तळ्यांच्या मुलखातले. लॉस एंजेलिसच्या संघाला हे नाव कसं? तर हा संघ मुळात मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसचा, आणि ते राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध. १९६० साली संघ लॉस एंजेलिसला हलला, नाव मात्र तेच राहिलं. त्यांच्याकडे एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट हे दोन असामान्य खेळाडू होते. आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येत होता तो बोस्टन. १९६२, १९६३, १९६५, १९६६, १९६८ अशा पाच अंतिम मालिकांमध्ये लेकर्स बोस्टनकडून हरले. त्यातली १९६२ ची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली होती. शेवटच्या क्षणी गुण बरोबरीत असताना फ्रँक सेल्व्ही या लेकर्सच्या खेळाडूने चेंडू टाकला, तो कड्यावर आपटून बाहेर गेला, आणि जादा वेळेत बोस्टन जिंकलं. हे कडं लक्षात ठेवा. अठरा इंच व्यासाचं लोखंडी कडं. आजच्या गोष्टीत ते परत परत येणार आहे.

आता १९६८-६९ चा हंगाम. लेकर्सनी विल्ट चेंबरलेन या महाकाय खेळाडूला आपल्याकडे आणलं. ५५ सामने जिंकून ते आपल्या विभागात पहिले आले. तिकडे बोस्टनचा संघ म्हातारा होत चालला होता. त्यांचा आधारस्तंभ बिल रसेल पस्तिशीचा, आणि तोच संघाचा प्रशिक्षकही. १९६६ साली तो प्रशिक्षक झाला, तेव्हा त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता. हंगामात ४८ सामने जिंकून बोस्टन आपल्या विभागात चौथं आलं, म्हणजे कसंबसं पुढच्या फेरीत शिरलं, आणि मग फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांना हरवून अंतिम मालिकेत पोहोचलं.

मालिका सात सामन्यांची. चार आधी जिंकेल तो विजेता. पहिल्या सामन्यात वेस्टने एकट्याने ५३ गुण केले. लेकर्स १२०-११८ ने जिंकले, दुसराही त्यांनीच जिंकला. तिसरा बोस्टनने घेतला. चौथ्यात शेवटचे काही सेकंद उरले असताना बोस्टन एका गुणाने मागे होतं. सॅम जोन्सने तोल सुटलेल्या अवस्थेत चेंडू टाकला. चेंडू कड्यावर आपटला आणि आत पडला. बोस्टन ८९, लेकर्स ८८. तो बाहेर पडला असता तर लेकर्स ३-१ ने पुढे असते. पाचवा लेकर्सनी जिंकला, पण त्यात वेस्टच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. सहावा बोस्टनने जिंकला. तीन-तीन.

आता एक गोष्ट बघा. या सहाही सामन्यांत ज्याच्या घरी सामना, तोच जिंकला होता. आणि सातवा होता लेकर्सच्या घरी, इंगलवूड इथल्या ‘फोरम’ या नव्या कोऱ्या प्रेक्षागृहात. तारीख ५ मे १९६९. संघाचे मालक जॅक केंट कुक यांनी छताला जाळ्यांमध्ये हजारो फुगे टांगून ठेवले. विजयोत्सवाचा कार्यक्रमही पत्रकावर छापून घेतला: लेकर्स जिंकले की फुगे खाली सोडले जातील, विद्यापीठाचा बँड अमुक गाणं वाजवेल, मग तमुक तमुक खेळाडूंची मुलाखत होईल. आपल्याकडे याला ‘गुडघ्याला बाशिंग बांधणं’ म्हणतात. ते पत्रक बोस्टनवाल्यांच्या हाती पडलं. वेस्टलाही ते फुगे पाहून संताप आला होता, असं त्याने पुढे सांगितलं.

इथे आम्हाला हटकून दुसऱ्या एका रसेलची आठवण येते. बर्ट्रंड रसेल या तत्त्वज्ञाने १९१२ च्या एका पुस्तकात कोंबडीचं उदाहरण दिलंय. मालक रोज दाणे टाकतो, तेव्हा कोंबडी समजते की हा माणूस आला म्हणजे दाणे आले. एके दिवशी तोच माणूस येतो आणि तिची मान मुरगळतो. अनेकदा घडलं म्हणून पुन्हा घडेलच, या अनुमानाला शेवटचा आधार नसतो. कुकसाहेबांजवळ तर सहाच दाणे होते. बर्ट्रंड रसेलने जे कागदावर मांडलं, ते बिल रसेलने मैदानावर दाखवून दिलं, असं आम्ही वर्गात म्हणायचो. मुलं हसायची.

पण मंडळी, आज आम्हाला वाटतं, की तो विनोद करताना आम्हीच घसरत होतो. का, ते सांगतो.

सामना असा झाला. तीन चतुर्थांश खेळ संपला तेव्हा बोस्टन ९१-७६ असं पुढे होतं. मग लेकर्स सावरले. वेस्ट दुखऱ्या पायाने खेळत होता. साडेपाच-सहा मिनिटं उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. त्याच्याशिवाय लेकर्स एका गुणाच्या अंतरापर्यंत आले. चेंबरलेनने परत आत येण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षक ब्रेडा कोल्फ यांनी त्याला घेतलं नाही. शेवटचं एखादं मिनिट उरलेलं. बोस्टनच्या हॅवलिचेकच्या हातातला चेंडू लेकर्सच्या खेळाडूने मागून टोला मारून सोडवला, आणि तो नेमका जाऊन पडला बोस्टनच्या डॉन नेल्सनच्या हातात. हा नेल्सन म्हणजे लेकर्सनीच १९६५ साली संघातून काढून टाकलेला माणूस. त्याने घाईत चेंडू टाकला. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूवर आपटला, सरळ वर उडाला आणि उतरताना कड्यातून आत पडला. बोस्टन १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

मग सुरू झाली कारणमीमांसा. कोणी म्हणालं, फुग्यांनी बोस्टनला डिवचलं. कोणी म्हणालं, प्रशिक्षकाचा हटवादीपणा नडला. ब्रेडा कोल्फ यांनी त्यानंतर संघ सोडला. कोणी म्हणालं, चेंबरलेन कच्च्या दिलाचा. कोणी म्हणालं, बोस्टनच्या रक्तातच विजय होता. आता तो नेल्सनचा चेंडू बोटभर इकडे पडला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. लेकर्स कदाचित जिंकले असते. मग हेच फुगे मालकाच्या आत्मविश्वासाची खूण ठरले असते. तोच प्रशिक्षक धाडसी ठरला असता, कारण चेंबरलेनशिवायच्या संघानेच तर पिछाडी भरून काढली होती. आणि बोस्टनच्या रक्ताबद्दल न बोलता सगळे त्यांच्या वयाबद्दल बोलले असते. सामन्याआधीची एकही गोष्ट बदललेली नाही, फक्त चेंडू इकडचा तिकडे. आणि तेवढ्यावर गर्व, शहाणपण, भेकडपणा, धैर्य ही सगळी विशेषणं जागा बदलतात.

इंग्लंडमधले बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेतले टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या प्रश्नाला एक नाव दिलं. आपण त्याला ‘नैतिक दैव’ म्हणू. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण त्या माणसाच्या गुणदोषांचा निवाडा करतो, ही ती अडचण.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळं नशीबच? तसं नाही. लेकर्सचे पुष्कळ फ्री थ्रो वाया गेले. समोर कोणी आडवं नसताना, उभं राहून टाकायचा तो चेंडू. दोन गुणांनी हरलेल्या संघाच्या बाबतीत ते कारणच आहे. आणि चार सामने जिंकायला बोस्टनला जे कष्ट पडले, ते काही कड्याने केले नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की ‘हे का घडलं’ आणि ‘कोण काय लायकीचा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निकाल पहिल्याचं थोडंफार उत्तर देतो. दुसऱ्याचं देतोच असं नाही.

आणि हे त्या दिवशी खुद्द निकाल देणाऱ्यांनाही जाणवलं होतं. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला. तो दिला गेला जेरी वेस्टला, म्हणजे हरलेल्या संघातल्या माणसाला. शेवटच्या सामन्यात त्याने ४२ गुण केले, १३ रीबाउंड घेतले, १२ वेळा सहकाऱ्यांना गुण मिळवून दिले. त्यानंतर आजतागायत हरलेल्या बाजूच्या कुणालाही हा पुरस्कार मिळालेला नाही. एकाच दिवशी, एकाच सामन्यावर, दोन निवाडे दिले गेले. बक्षीस म्हणून त्याला जी मोटारगाडी मिळाली ती हिरवी होती, आणि हिरवा हा सेल्टिक्सचा रंग! दैवाला विनोदबुद्धी असावी.

वेस्टला १९७२ साली अखेर विजेतेपद मिळालं. गंमत बघा, त्या अंतिम मालिकेत त्याचे नेम सारखे चुकत होते. त्याचा उत्तम खेळ हरला आणि सामान्य खेळ जिंकला. बेलर तर त्याच हंगामाच्या सुरुवातीला, नऊ सामन्यांनंतर निवृत्त झाला, आणि त्याच्या पुढच्याच सामन्यापासून लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले. बेलरच्या नावावर खेळाडू म्हणून विजेतेपदाचा पूर्ण हंगाम एकही नाही. वेस्टने २०११ साली आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या उपशीर्षकातच ‘यातना’ आहे. पराभवांनी त्याचा पाठलाग आयुष्यभर सोडला नाही.

आणि जिंकलेला रसेल? तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं, आणि हा त्याचा शेवटचा सामना. त्याने तरी निकालाचा अर्थ नीट लावला का? नाही. त्याच उन्हाळ्यात तो जाहीरपणे बोलला, की चेंबरलेनने बाहेर बसायला नको होतं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दुखऱ्या गुडघ्यावरून त्याने त्याच्या मनाचा निवाडा केला. दोघे मित्र होते. पुढे जवळजवळ वीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. अखेर रसेलने माफी मागितली. अकरा विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाला हे म्हणायला वीस वर्षं लागली.

विजयाने रसेलला तरी काय दिलं? बोस्टनजवळच्या रेडिंग गावात त्याचं घर होतं. लोकांनी ते फोडलं, घाण करून ठेवली, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या. १९७२ साली त्याचा ६ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला गेला, तेव्हा त्याच्या इच्छेवरून तो समारंभ प्रेक्षक आत यायच्या आधी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर झाला. गुणफलकावर त्याच्या बाजूने निकाल लावणारं शहर माणूस म्हणून त्याच्याबद्दल वेगळाच निकाल देत होतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

शेवटी आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आम्ही तीसहून जास्त वर्षं निकाल लावले. एकदा एक विद्यार्थी निकालानंतर भेटायला आला. त्याचा प्रथम वर्ग दोन गुणांनी हुकला होता. आम्ही त्याला चार शब्द ऐकवले: एकाग्रता कमी पडली, अभ्यासाला शिस्त हवी वगैरे. तो ‘हो सर’ म्हणाला आणि गेला. मंडळी, आम्ही त्याची उत्तरपत्रिका पाहिलेली नव्हती. ती दुसऱ्याच कुणी तपासली होती. आम्ही फक्त आकडा पाहिला आणि त्या आकड्यावरून त्या मुलाचा स्वभाव वाचला. दोन गुण इकडचे तिकडे असते तर त्याच मुलाला आम्ही शाबासकी दिली असती, आणि त्याच्या शिस्तीचं उदाहरण पुढच्या वर्गात सांगितलं असतं. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. त्याची माफी मागायची राहून गेली.

निकाल पाळायचाच असतो. नाहीतर खेळ नाही, परीक्षा नाही आणि निवडणूकही नाही. १०८-१०६ म्हणजे बोस्टन जिंकलं, यात दुमत नको. पण तो आकडा वाचून ‘तो तसाच होता’, ‘हे होणारच होतं’ असं म्हणायला जीभ उचलली, की त्या फुग्यांची आठवण ठेवा. कुकसाहेबांनी निष्कर्ष सामन्याआधी टांगून ठेवला, म्हणून आपण त्यांना हसतो. आपण तो सामन्यानंतर टांगतो. पुरावा तेवढाच असतो. फरक एवढाच, की आपले फुगे खाली उतरवायला कोणी येत नाही.

पुढच्या वेळी आपण ‘जर-तर’च्या इतिहासाला काही अर्थ आहे का, ते पाहू.