स्वयंचलित गिअरबॉक्स : अवजड ट्रकातून उतरवणे व बसवणे

स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे अवजड ट्रक, डंपर किंवा अग्निशमन गाडीत ड्रायव्हरने क्लच न दाबता वेग आणि भारानुसार स्वतःच गिअर बदलणारी यंत्रणा. तिच्यात मोठा बिघाड झाल्यास ती अखंड खाली उतरवून दुरुस्त करतात किंवा तिच्या जागी दुसरी बसवतात.

गोव्याच्या रस्त्यांवरून खनिज वाहणारे सहाचाकी टिपर बहुतांशी हाताने गिअर टाकायचे आहेत. डिचोली, साखळी, मये भागांतल्या गॅरेजांमधले मेस्त्री याच गाड्यांवर तयार झाले. खाणीच्या आत चालणाऱ्या मोठ्या डंपरांत मात्र स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. अशा गिअरबॉक्सचे दुसरे ठिकाण म्हणजे विमानतळ; पेडणे तालुक्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. विमानतळांवरील अग्निशमन गाड्या सामान्यतः स्वयंचलित गिअरच्याच असतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोठ्या अग्निशमन गाडीला ४० सेकंदांच्या आत ताशी ८० किलोमीटर वेग गाठावा लागतो आणि चालता चालता पाण्याचा पंपही चालवावा लागतो. अशी गाडी गॅरेजात अडकली आणि राखीव गाडी नसली, तर विमानतळाची अग्निसुरक्षा-श्रेणीच उतरू शकते.

‘ऑटोमॅटिक’ या नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. व्होल्वोच्या आय-शिफ्टसारख्या प्रकारात आत नेहमीचाच क्लच व दातेरी चाके असतात, फक्त ती हलवण्याचे काम हवेच्या दाबावर व संगणकावर सोपवलेले असते. उतरवण्याची पद्धतही साध्या गिअरबॉक्ससारखीच. अ‍ॅलिसनसारख्या पूर्ण स्वयंचलित प्रकारात क्लचच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. पुढील वर्णन या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

बंद पडलेली अशी गाडी ओढून न्यायची झाल्यास आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. गिअरबॉक्समधला तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवली, तर आतले भाग तेलाविना घासतात, आणि डिचोलीहून म्हापशापर्यंतचे ओढणेही चांगला गिअरबॉक्स खराब करायला पुरते.

उतरवण्यापूर्वी संगणकातील दोष-नोंदी वाचाव्यात आणि तेल तपासावे. तेलाला जळका वास असेल तर क्लचपट्ट्या गेल्या आहेत. ते दुधाळ गुलाबी दिसत असेल तर कूलर आतून फुटून रेडिएटरचे पाणी तेलात मिसळले आहे. त्या पाण्यातील ग्लायकॉल क्लचपट्ट्यांवरील अस्तराचा चिकटा सोडवते. अशा वेळी नवा गिअरबॉक्स जुन्या कूलरला जोडणे म्हणजे त्यालाही तोच आजार लावणे. हे तपासण्याआधी नट सोडायला घेऊच नयेत.

प्रत्यक्ष काम सपाट, कठीण जमिनीवर करतात. काही गाड्यांत पार्किंग ब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच असतो; शाफ्ट सुटताच तो निकामी होतो. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेच पाहिजेत. टिपरचा हौदा वर उचलला असेल तर त्याला लोखंडी टेकू द्यावा. पीटीओ (गिअरबॉक्समधून पंपाला शक्ती देणारी जोडणी) आणि त्याचा हायड्रोलिक पंप सोडवताना केवळ तेलाच्या दाबावर उभ्या हौद्याखाली शिरणे जिवावर बेतते. बॅटरीची जोडणी काढून तेल काढतात, शाफ्टवर जुळणीची खूण करून तो सोडवतात, वायरिंग आणि कूलरचे पाईप काढून त्यांची तोंडे बंद करतात. डिचोलीच्या खाणपट्ट्यात गाडीवर हेमॅटाइटची लाल धूळ घट्ट बसलेली असते. ती आधी धुतली नाही, तर उघड्या तोंडांतून झडपांपर्यंत पोहोचते.

त्यानंतर फ्लायव्हील हाउसिंगच्या झरोक्यातून इंजिन हाताने फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून काढतात. गिअरबॉक्स जॅकवर बांधून, इंजिनाच्या मागच्या भागाला आधार देऊन तो सरळ मागे ओढतात. अ‍ॅलिसनच्या ३००० मालिकेतील गिअरबॉक्स तेलाशिवाय सुमारे २४० किलोचा, तर ४००० मालिकेतील पावणेचारशेच्या आसपास असतो. कन्व्हर्टर त्याच्यासोबतच यायला हवा. तो निसटू नये म्हणून पुढे पट्टी लावतात.

बसवताना सर्वांत जास्त नुकसान एकाच चुकीने होते. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला नसताना बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे खेचला, तर इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो. दोन्ही हाउसिंग हाताच्या जोराने टेकली पाहिजेत आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. पट्टी आडवी ठेवून त्याची खोली मोजायला पाच मिनिटे पुरतात आणि ती वाचवण्यात कसलेही कौशल्य नाही. कूलर व पाईप बदलावेत, निदान दाबाने नीट धुवावेत. जुन्या क्लचपट्ट्यांचा चुरा तिथेच दडलेला असतो.

तेल भरल्यावर इंजिन चालू ठेवून सर्व गिअर एकदा फिरवतात आणि पातळी तेल गरम झाल्यावर पुन्हा पाहतात. नवा गिअरबॉक्स क्लचचा दाब स्वतः जुळवून घेतो, त्यासाठी संगणकातील जुनी शिकवण पुसावी लागते. ती न पुसल्यास सुरुवातीला गिअर धक्के देत पडतात.

जून ते सप्टेंबर खनिज वाहतूक थांबते, तेव्हा अशी मोठी कामे काढणे सोयीचे. सक्तीच्या बंदीचा परिणाम वेगळा झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर ते पुन्हा सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द होऊन मार्चपासून परत बंद पडले. डिचोलीत उत्खनन २०२४ मध्ये सुरू झाले. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या यंत्रांत सील सुकतात आणि पावसाळी हवेतला दमटपणा तेलात उतरतो. असे यंत्र पुन्हा कामावर लावण्यापूर्वी तेल व फिल्टर बदलावेत, हवेची नळी मोकळी करावी आणि कूलरची गळती-चाचणी घ्यावी.