दोन जिने

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा आणि पूर्वेकडे तोंड करा. समोर मुंबई उच्च न्यायालयाची लांबच लांब काळसर दगडी इमारत दिसते. वर न्यायाची आणि दयेची मूर्ती, मधे उंच मनोरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज. आता हातात एक फाइल घ्या. कडा दुमडलेली, दोरीनं बांधलेली, कापडी पिशवीत जपून ठेवलेली. आजच्यापुरते तुम्ही पक्षकार आहात. दीडशे वर्षांच्या या फेरीत तुम्हाला एकच गोष्ट बघत जायची आहे: इथं आपल्याला बसायला जागा आहे का?

ऑगस्ट १८६२. समोरची इमारत नाहीशी झाली आहे. तिच्या जागी एस्प्लनेडचं मोकळं मैदान आहे आणि त्यापलीकडे किल्ल्याचा तट. तुम्ही अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या वास्तूत शिरता. कधीकाळी आरमाराचा प्रमुख तिथं राहायचा. याच महिन्यात, १४ तारखेला, नवं उच्च न्यायालय इथं सुरू झालं आहे. पंधरा न्यायमूर्तींची मंजुरी आहे, पण सुरुवात सातांवर झाली आहे. तरीही जागा अपुरी. घर म्हणून बांधलेल्या खोल्यांत न्यायदान चाललं आहे आणि तुम्ही दाराशी उभे आहात. गावात एकच विषय आहे. बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आले आहेत, किल्ल्याचा तट पाडायचा घाट आहे आणि कापसाचा पैसा वाहतो आहे. मोकळ्या होणाऱ्या जागेवर काय उभारायचं? न्यायालयाला जागा कुठं द्यायची, हा प्रश्न या संस्थेइतकाच जुना आहे.

१० जानेवारी १८७९. हवेत ताज्या चुन्याचा वास आहे. एप्रिल १८७१ मध्ये सुरू झालेलं काम दोन महिन्यांपूर्वी पुरं झालं आणि आज नव्या इमारतीत पहिलं कामकाज आहे. कर्नल जेम्स फुलर यांनी ही वास्तू आखली. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मनोरा जवळपास १७९ फूट उंच. खर्च १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी. सरकारी कामात पैसे उरले, हेच आज सगळ्यांच्या तोंडी आहे.

पश्चिमेच्या सज्जात या. खाली मैदान, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. भराव घालून पुढे उभी राहणारी इमारतींची रांग अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. शेजारी नुकताच पुरा झालेला राजाबाई टॉवर आहे.

आता मागं वळून जिने बघा. पश्चिमेच्या अष्टकोनी बुरुजांत गोल फिरत जाणारे जिने आहेत. ते न्यायमूर्तींचे. तुमचा जिना पूर्वेला आहे. पोरबंदरी दगडाच्या कमानींखालून त्याच्याकडे वाट जाते. प्रशस्त आहे, उजेडाचा आहे. चढताना खांबांचे माथे बघत चला. एका जागी दगडात कोरलेलं माकड हातात तराजू धरून बसलं आहे आणि त्याचा एक डोळा बांधलेला आहे. खटला हरलेल्या कंत्राटदारानं राग काढण्यासाठी ते कोरून घेतलं, अशी गोष्ट इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरी असो वा नसो, ती गोष्ट पूर्वेच्या जिन्यावरची आहे. न्याय मागायला आलेल्या माणसाची तक्रारसुद्धा या दगडात सामावली आहे.

आज तुम्हाला बसायला जागा मिळते. मूठभर न्यायमूर्ती, मोजके वकील आणि ऐसपैस व्हरांडे. आणखी शंभर वर्षं पुरेल, असं तुम्हालाही वाटतं.

थोडं भराभर पुढं चला. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेला एक तरुण बॅरिस्टर इथं नाव नोंदवतो आणि कोर्टात बसल्या बसल्या त्याला डुलकी लागते. त्याचं नाव मोहनदास गांधी. १९२३ मध्ये भीमराव आंबेडकर इथंच वकिली सुरू करतात. हीच वाट, हेच व्हरांडे.

पण २२ जुलै १९०८ च्या रात्री मात्र थांबायलाच हवं. रात्रीचे नऊ वाजून गेले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मध्यवर्ती दालनात अजून दिवे जळताहेत. बाहेर बंदोबस्त कडक आहे. ‘केसरी’तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालू आहे. आरोपीनं स्वतःच बाजू मांडली. भाषण दिवसामागून दिवस चाललं. नऊ ज्युरींपैकी सातांनी दोषी म्हटलं आहे, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दिनशा दावर विचारतात, तुम्हाला काही सांगायचं आहे का? टिळक उभे राहतात. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे. जगाचं भवितव्य चालवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत. मी मोकळा असण्यापेक्षा माझ्या यातनांनीच हे कार्य वाढावं, अशी त्यांची इच्छा असेल, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. मग सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होते. पुढं मंडाले. उद्या त्यांचा वाढदिवस आहे. उद्यापासून गिरण्यांचे भोंगे वाजतील, पण कामगार आत जाणार नाहीत. सहा दिवस, वर्षाला एक दिवस याप्रमाणे.

आता १९५६. तेच दालन, त्याच दाराबाहेर. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला भिंतीवरच्या संगमरवरी शिळेवरचा पडदा सरकवतात. शिळेवर टिळकांचे तेच शब्द आहेत. ज्या न्यायालयानं शिक्षा दिली, त्यानंच आरोपीचं म्हणणं आपल्या भिंतीवर कोरलं. तुमची फाइल छातीशी धरा आणि क्षणभर तिथं उभे राहा. चूक झाली हे दगडात लिहून ठेवणारं न्यायालय पाहिल्यावर आपल्याही प्रकरणाबद्दल मनात थोडी आशा धरता येते.

आणि आता आज. तोच पूर्वेचा जिना, पण व्हरांड्यात पाऊल ठेवायला जागा नाही. भिंतीला लागून फायलींची कपाटं आहेत, कमानींवरून वायरी गेल्या आहेत, सागवानी दारांशेजारी वातानुकूलन यंत्रं आहेत. कुणी बोर्ड बघतंय, कुणी आपला वकील शोधतंय. ‘मॅटर आज पोहोचणार नाही’ असं कारकून सांगतो आणि पहाटे नाशिकहून निघालेली म्हातारी भिंतीला टेकून उभी राहते. सातांवर सुरू झालेल्या या न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर संख्या आता ९४ आहे. सगळे मुंबईत बसत नाहीत, तरी फुलर यांच्या हिशेबाच्या कितीतरी पलीकडचा हा आकडा आहे. मागं जोडइमारत झाली, शेजारच्या सरकारी इमारतींत खोल्या घेतल्या. पण एका अंगाला विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला जुनी सरकारी कार्यालयं, पुढं मैदान. आणखी हात पसरायला जागाच नाही. २०१८ पासून ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडाला खिळा मारतानाही दहादा विचार करावा लागतो, आणि तो करायलाच हवा.

म्हणून न्यायालय फोर्टातून वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत हलवावं का, यावरून वाद पेटला. व्हरांड्यात उभ्या उभ्या तुम्ही तो ऐकता. एक ज्येष्ठ वकील म्हणतात, आमची चेंबर्स, ग्रंथालयं, सगळं आयुष्य फोर्टात आहे. ठाण्याहून रोज लटकत येणारी तरुण वकील म्हणते, माझं आयुष्य लोकलमध्ये चाललंय. अलिबागचा शेतकरी सांगतो, मांडव्याहून लाँचनं गेटवेला उतरलं की कोर्ट जवळ पडतं. नाशिकचा माणूस म्हणतो, मला वांद्रे जवळ. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतली कुटुंबं विचारतात, पिढ्या इथं गेल्या, आमच्या घरांचं काय? यातलं कुणीच खोटं बोलत नाही.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते वांद्र्याच्या जागेवर पायाभरणी झाली. एकूण जागा सुमारे ३० एकर. ५ नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्यांनी बजावलं, हे न्यायाचं मंदिर व्हावं, सप्ततारांकित हॉटेल नको.

त्याच्या सुमारे अडीच महिने आधीच आणखी एक दार उघडलं होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तेही डागडुजी केलेल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. सिंधुदुर्गातून, सोलापुरातून रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणारा पक्षकार आता कोल्हापूरला जातो. न्यायालय वाढवायचं ते असंही वाढवता येतं: माणसाकडे चार पावलं चालत जाऊन.

ही फेरी संपवताना माझं मत सरळ सांगतो. वांद्र्याला जायलाच हवं. १८७८ च्या दगडावर आजचा भार टाकणं हा त्या दगडावरही अन्याय आहे आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या म्हातारीवरही. पण जाताना जुनी इमारत कुलूपबंद करू नका, समारंभांना भाड्यानं देऊ नका. मध्यवर्ती दालनात काही खंडपीठं बसत राहू द्या. चालू न्यायालयाच्या भिंतीवरचे टिळकांचे शब्द आणि संग्रहालयातले तेच शब्द यांत फार अंतर आहे.

आणि नव्या इमारतीबद्दल एकच मागणं. घुमट, दालनं, वाहनतळ यांची चर्चा खूप झाली. वास्तूचा जिना न्यायमूर्तींच्या बाजूनं चढायला सुरुवात केली, की पक्षकार नेहमी शेवटी येतो. या वेळी पूर्वेच्या जिन्यानं चढा. नकाशात आधी पक्षकाराचा बाक आखा, पिण्याच्या पाण्याची जागा आखा, म्हाताऱ्या माणसाला झेपेल असा उतार आखा. बाकीचं त्यानंतर.