शंभर डॉलरांचे स्वप्न

साधन हाती आले की विद्या आपोआप येते, असे मानण्याचा मोह प्रत्येक पिढीला होत आला आहे. त्या मोहाचा अलीकडचा एक इतिहास आज वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे अमेरिकन संशोधक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरांत लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. मूल मुळातच जिज्ञासू असते, यंत्र मिळाले की ते स्वतःच शिकेल, ही त्यामागील श्रद्धा होती. हेतूच्या उदात्ततेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. प्रत्यक्षात किंमत दोनशे डॉलरांच्या घरात गेली, तरी उत्साह ओसरला नाही. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातील एका लहानशा शाळेतही ही हिरवी-पांढरी यंत्रे पोहोचली.

सर्वांत मोठा प्रयोग केला तो पेरू देशाने. तेथे आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली. त्यांचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासाठी आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी केली व २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या तर्कशक्तीत काहीशी वाढ दिसली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु गणित व भाषा या विषयांत प्रगती आढळली नाही. यंत्रात सुमारे दोनशे पुस्तके भरलेली होती, तरी मुलांची वाचनाची सवय वाढली नाही. पाठाला जोडलेली साधने त्यात नव्हती आणि ती कशी वापरावीत, याचे स्पष्ट मार्गदर्शन शिक्षकांना लाभले नव्हते. यंत्रावर अफाट खर्च झाला; शिक्षक मात्र उपेक्षितच राहिला.

२०२० च्या महासाथीत शाळांना टाळे लागले, तेव्हा हाच धडा आपल्या उंबरठ्यावर आला. ज्या घरी मोबाइल एक आणि मुले तीन, तेथे कोणाचा तास बुडवायचा हे आईला ठरवावे लागले.

यंत्रे घराबाहेर फेकावीत, असे आम्ही म्हणत नाही. मात्र मुलाच्या हाती नवे यंत्र देताना, आज तू काय वाचलेस, असे त्याला विचारणारे कोणी शेजारी बसणार आहे काय, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा. ते माणूस कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.