मारिआन : एका नावाचे राज्यारोहण

सरकारी कागदावरील राजमुद्रा ज्यांच्या नित्य दृष्टीखालून जाते, अशा आमच्या वाचकांना फ्रान्सच्या मुद्रेवरील स्त्रीची कथा मनोरंजक वाटेल. तिचे नाव मारिआन. ही कोणी राणी नव्हे, की रणांगण गाजविलेली वीरांगनाही नव्हे.

मारी आणि आन या दोन नावांचा हा जोड. मारी म्हणजे येशूची माता व आन ही परंपरेने तिची आई. दोन्ही नावांचे मूळ हिब्रू. अठराव्या शतकात शेतकऱ्यांच्या आणि मोलकरणींच्या घरी हे नाव सर्रास आढळे. सप्टेंबर १७९२ मध्ये राजसत्ता संपुष्टात आली, तेव्हा राजाच्या प्रतिमेऐवजी मुद्रेवर स्वातंत्र्यदेवता कोरण्याचे ठरले. तिच्या हाती भाला होता आणि भाल्यावर मुक्त दासांची आठवण देणारी टोपी. त्याच वर्षी दक्षिणेकडील ऑक्सितान बोलीतील एका लोकप्रिय गीतात प्रजासत्ताकाला मारिआन म्हटले गेले. चर्चशी उभा दावा मांडणाऱ्या क्रांतीने देवमातेचेच नाव धारण करावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा!

प्रजासत्ताकाच्या शत्रूंनी हे नाव कुचेष्टेने घेतले. मित्रांनी ते अभिमानाने मिरविले. तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत एका गुप्त संघटनेचे हेच नाव होते. १८५५ मध्ये त्रेलाझेच्या पाटीदगडाच्या खाणीतील कामगार अँजेर शहरावर चालून गेले, ते तिच्याच प्रेरणेने. १८७० नंतर तिसरे प्रजासत्ताक स्थिरावले, तसतसे मारिआनचे अर्धपुतळे नगरगृहांत विराजमान झाले. कायद्याची सक्ती नसताना ही प्रथा रूढ झाली, हे विशेष. १९४० नंतर पेताँच्या राजवटीत अनेक ठिकाणी ते हलविण्यात आले. मुक्तीनंतर पुन्हा बसविले गेले.

परंतु या गौरवाची दुसरी बाजू आम्हांस अधिक विचारणीय वाटते. नगरगृहाच्या भिंतीवर स्त्री अधिष्ठित होती, पण त्याच नगरगृहातील मतपेटीपर्यंत स्त्रीला जाता येत नव्हते. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये, आणि त्यांनी प्रथम मतदान केले एप्रिल १९४५ मध्ये. म्हणजे मुद्रेवर आल्यापासून मतपत्रिकेपर्यंत पोहोचण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. मूर्तीला मखरात बसविणे सोपे; तिच्या लेकींना अधिकार देणे कठीण. स्त्रीरूपात राष्ट्र पाहणाऱ्या प्रत्येक समाजाने हा हिशेब तपासून पाहावा.