धानपट्ट्यातले मांजर

पोंभुर्णा तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात मोडतो, आणि धानाच्या मुलखात मांजराचा इतिहास उंदरापासूनच सुरू करावा लागतो. पावसाळ्यात शेतातला उंदीर बांधीच्या धुऱ्यात बीळ करून राहतो आणि लोंब्या भरल्या की त्या कुरतडून बिळात साठवतो. कापणी होते, पुंजणे लागते, मळणी होऊन धान घरात येते. तिथे त्याची वाट पाहणारा उंदीर वेगळा असतो. तो सडपातळ, लांब शेपटीचा आणि चढण्यात पटाईत. जुन्या घराचे कवेलूचे छप्पर, बांबूचे आढे आणि मातीची भिंत त्याच्या सोयीचीच. रात्री तो छपरातून खाली उतरतो तो थेट धानाच्या ढोलीवर.

धान्याच्या साठ्यापाशी उंदीर आणि उंदरामागे मांजर, हाच क्रम जगात सगळीकडे दिसतो. पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरात आहे, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेले सुमारे 9500 वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. सिंधमधल्या चन्हुदडोच्या उत्खननात मिळालेल्या एका विटेवर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. वीट ओली असताना दोघेही तिच्यावरून धावून गेले. पोंभुर्ण्याच्या आसपासच्या जंगलात वेगळ्या जातीचे रानमांजर आहे, जेमतेम दीड किलोची वाघाटीही आहे. घरातले मांजर मात्र त्यांच्या वंशातले नाही. ते धान्य साठवणाऱ्या माणसांबरोबर बाहेरून आले आहे.

खेड्यात मांजराला पोटभर घालण्याची रीत नव्हती. ताकभात, मासे साफ करताना पडलेला टाकाऊ भाग, दूध उतू गेले तर ते, एवढ्यावर ते घराशी बांधलेले राही. बाकीचे त्याने मिळवावे, अशी अपेक्षा असे. त्याच्यापासून दूधदही वाचवायचे तर शिंके टांगावे लागे, आणि शिंके तुटले की बोक्याचे फावते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. उपाशी मांजरच शिकार करते, ही समजूत तेवढी खरी नाही. भूक आणि शिकारीची ओढ या मांजरात बऱ्याच अंशी स्वतंत्र प्रेरणा आहेत. त्यामुळे पोट भरलेले मांजरही ढोलीखाली दबा धरते. भुकेले असले तर ते लवकर ठार करते, एवढाच फरक.

हा दबा जवळून पाहण्यासारखा असतो. मांजर पोट जमिनीला लावून बसते, कान पुढे वळवते आणि शेपटीचे फक्त टोक हलवते. उंदरांची माणसाला ऐकू न येणारी बारीक चीं-चीं त्याला ऐकू येते; 60 किलोहर्ट्‌झच्या पुढचे आवाजही त्याचे कान टिपतात. झडप घालण्याआधी मागचे पाय जागच्या जागी हलतात. झडप पडली की मिशा पुढे येऊन भक्ष्याचा अंदाज घेतात आणि सुळे मानेच्या मणक्यांच्या मधल्या फटीत शिरतात. चिचुंद्री मात्र मारली तरी बहुधा तशीच टाकून दिली जाते, कारण तिचा वास मांजराला सोसत नाही.

अर्धमेला उंदीर उडवत बसणारे मांजर क्रूर वाटते. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. दबा, पाठलाग, पकड आणि मारणारा चावा या प्रत्येक टप्प्याची ओढ वेगळी असते, असे त्यांचे म्हणणे. मोठा उंदीर किंवा घूस उलटून चावू शकते, म्हणून मांजर त्याला पंजाने मारून मागे सरकते आणि तो थकेपर्यंत धीर धरते. या खेळात भीतीचाही मोठा वाटा आहे. पिल्लांची शाळाही अशीच चालते. आई आधी मेलेला उंदीर आणते, मग अर्धमेला, मग जिवंत. दोरी, सुतळी, धानाचे तणस यांच्याशी चाललेली झटापट ही त्याच कामाची तालीम असते.

मांजर उंदरांना आवर घालते, या घरोघरी माहीत असलेल्या गोष्टीची सरकारी दप्तरात दखल घेतली गेली ती प्लेगमुळे. 1896 मध्ये मुंबईत साथ उसळली, पुढे ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडातही पसरली. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवले होते. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतात, अमरावतीला, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावोगावची मांजरे मोजून घेतली, ती संख्या प्लेगच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि मांजरे जास्त असलेल्या गावांना साथीची झळ कमी लागते, असे 1908 च्या सुमारास मांडले. 1908 मध्येच जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, म्हणून हा उपाय पुरता बिनधोक नव्हता. तरीही खेड्यातल्या मांजराचे काम एखाद्या डॉक्टरने इतक्या आस्थेने मोजावे, हे विदर्भाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे झिंक फॉस्फाईडसारखी उंदरांची विषे खेड्यातल्या दुकानांत मिळू लागली. विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते. धान ढोलीऐवजी पोत्यांत भरून खरेदी केंद्रावर आणि गिरणीत जाऊ लागले, तसा घरातला साठा कमी झाला. कवेलूच्या जागी स्लॅब आला की छपरातल्या उंदराचा निवाराही जातो. शिकार घटली तरी ओढ कायम राहते, आणि मग तीच झडप कोंबडीच्या पिल्लावर, पाखरावर किंवा सरड्यावर पडते. जंगलालगतच्या गावांत आणखीही धोके आहेत. मोकाट मांजरे वाघाटीशी संकर करू शकतात, रानमांजरांपर्यंत रोग नेऊ शकतात, आणि रात्री अंगणात बिबट्या आला तर त्याचे भक्ष्यही होऊ शकतात.