रखमाबाईंच्या पाठीशी कोण होतं?

नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग बरा, असं ठरवणाऱ्या मुंबईच्या डॉ. रखमाबाईंची हकिकत आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या धैर्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या गावाखेड्यांच्या जास्त कामाची आहे.

त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा दादाजी भिकाजी १९ वर्षांचा. मोठी झाल्यावरही ती नांदायला आली नाही म्हणून १८८४ मध्ये त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 'नांदणं' या साध्या शब्दाआड बायकोच्या शरीरावरचा हक्क होता, हे विसरू नये. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर पारडं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी निकाल दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन मागणी सोडली.

आता बघा, या बाईजवळ काय काय होतं. राहायला माहेरचं छप्पर होतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तिला शिकवलं होतं. आपलं म्हणणं मांडायला वर्तमानपत्र होतं. 'एक हिंदू स्त्री' या नावाने तिने पत्रं लिहिली. खटल्यात साथ द्यायला माणसं होती. पुढे विलायतेत डॉक्टरकी शिकण्यासाठी डॉ. एडिथ पिची यांच्यासारख्यांची मदत होती. हे नसतं तर तेच धैर्य कुठल्या खोलीत गुदमरलं असतं, कोण जाणे.

याची दुसरी बाजू १८९० मध्ये कलकत्त्यात दिसली. फुलमणी दासी ही अकराएक वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. बायको दहा वर्षांवरची असली की कायदा त्याला बलात्कार म्हणत नव्हता. नवऱ्याला किरकोळ गुन्ह्याखाली एक वर्षाची शिक्षा झाली. १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेली, तेव्हा पुण्यात टिळकांनी त्या कायद्याला कडाडून विरोध केला होता.

पुढे ही मर्यादा हळूहळू वाढली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अठरावर नेली. पण सज्ञान बायकोवरची बळजबरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लैंगिक छळही हिंसाच मानला. त्यात संरक्षण मागता येतं, राहत्या घराचा हक्क मागता येतो. म्हणजे गुन्ह्याचं नाव अजून मिळालं नसलं तरी मदत मागायचा हक्क मिळाला आहे.

मदत कशी असावी, याचा एक धडा मुंबईतच मिळाला. मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात येते, हे ओळखून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. मलमपट्टी होते तिथेच तिचं ऐकून घेणारं माणूस बसवलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडच्या एखाद्या खेड्यातून रोवणीच्या दिवसांत बाईने जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे मजुरी बुडते, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. अंगावरचा वळ ती कधी दाखवतेही. रात्रीची जबरदस्ती सांगत नाही. सांगितलीच तर 'नवराच आहे ना तो' असं उत्तर मिळतं. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही सांगावं. पण हे सगळं नंतर. पहिल्यांदा ती आईला, बहिणीला किंवा आशाताईला सांगणार. तिने 'आज रात्री इथंच राहा' एवढं म्हटलं तरी मोठं काम होतं. रखमाबाईंनाही कोर्टाच्या आधी ते घरातच मिळालं होतं.