फडातलं पाचट ते कैरोतली टाकी

मी धारूरचा, पुण्यात कोड लिहून पोट भरतो, आणि आजचा एपिसोड आहे पाचटावर. हसू नका, ऐका तर खरं.

दिवाळी सरली की आमच्या डोंगरपट्ट्यातले कोयते निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. तिकडं फडात ऊस तोडला की मोळ्या कारखान्याला जातात, हिरवं वाढं बैलांना, आणि वाळलेलं पाचट रानातच पडतं. हेक्टरी साधारण ८ ते १० टन! जनावर त्याला तोंड लावत नाही, ते लवकर कुजत नाही, आणि कोपीतल्या चुलीत घातलं तर भडका उडून भाकरी भाजायच्या आत राख. मग शेतकरी सरळ काडी लावतो.

हे जळणं ज्यांना खटकलं ते डॉ. आनंद कर्वे. वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावती कर्वे यांचे चिरंजीव. १९९६ साली पुण्यात सुरू झालेली 'आर्टी' ही संस्था त्यांची. त्यांची युक्ती अशी: पाचट बंद पिंपात ठासायचं आणि बाहेरून पाचटाचाच जाळ द्यायचा. आत पुरेशी हवा नाही, त्यामुळं ते पेटत नाही, त्याचा कोळसा होतो. त्या भुकटीत खळ किंवा शेण मिसळून कांड्या पाडायच्या. त्या धूर जवळजवळ न करता सावकाश जळतात. २००२ मध्ये या कामाला लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण माझ्यातला इंजिनिअर अडकतो तो पुढच्या गोष्टीत. गोबरगॅस म्हणजे शेण, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. कर्व्यांनी वेगळा विचार केला. गॅस बनवणारे जिवाणू जनावराच्या पोटातले, आणि शेण म्हणजे जनावराचं पचवून झालेलं उरलंसुरलं. मग जिवाणूंना उष्टं कशाला, थेट जेवण द्या की! शिळी भाकरी, सडकी फळं, किडलेलं धान्य, पेंड. आर्टीचा हिशोब होता की अशा २ किलो मालातून जेवढा मिथेन एका दिवसात मिळतो, तेवढ्यासाठी शेण ४० किलो लागतं आणि ४० दिवस थांबावं लागतं. शेण फक्त सुरुवातीला, विरजण म्हणून. यंत्र काय, तर प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या कापून एकीत दुसरी उपडी घातलेली. २००६ मध्ये त्यासाठी दुसरा अॅश्डेन.

आणि इथून ही टाकी इंटरनेटवर चढली. अमेरिकेचे टी. एच. कल्हेन तेव्हा कैरोच्या कचरा वेचणाऱ्या वस्त्यांत काम करत होते. ते पुण्यात येऊन हे शिकून गेले, कैरोत गच्च्यांवर टाक्या बसवल्या, आणि पुढं त्यांच्या 'सोलर सिटीज' गटानं बदललेली रचना सगळ्यांना फुकट वापरायला दिली. आता कुठल्या कुठल्या देशांतले लोक, पगाराविना, एकमेकांच्या टाकीची गळती फोटो बघून सोडवतात. गॅस पेटत का नाही? आंबट झालंय, दोन दिवस खायला घालू नका. आमच्या ओपन सोर्सचीच ही पद्धत, फक्त बग जरा वास मारतो.

मग पाचटाचा कोळसा गावोगाव का नाही झाला? माझं मत सांगतो. टाकी घरात बसते, खरकटं घरातच असतं. पाचट मात्र एकरभर पसरलेलं असतं, ते गोळा करायला माणसं लागतात, तीही तोडणी झाल्यावर आणि खोडव्याला पाणी द्यायच्या आधी, थोड्याच दिवसांत. त्याच दिवसांत ज्यांचे हात पाचटाला सरावलेत ती माणसं, म्हणजे आमच्याकडचे नवरा-बायको, उचल फेडायला पुढच्या फडावर पोचलेली असतात. त्यांना मजुरी मिळते ती कारखान्यावर गेलेल्या टनांची. पाचटाचा एक किलोही त्या काट्यावर चढत नाही.

धारूरला यंदा परत गेलो की मी पाचट नाही, पऱ्हाट्या बघणार आहे. कापूस वेचून झाला की त्या बांधावर पडतात, आणि त्या वेळी गावात कोण कोण घरी असतं, ते आधी मोजणार आहे.